‘१२ मैलांपुढे काहीही सोडा’ हे धादांत खोटं आहे

माझा भाचा लवकरच केमिकल टँकरवर कॅडेट म्हणून रुजू होतोय. त्याच्या बॅचच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज त्याने मला पाठवला. त्यात म्हटलंय, किनाऱ्यापासून १२ सागरी मैल गेलं की टँकरला समुद्रात काहीही सोडायची कायद्यानेच मोकळीक आहे. खाद्यतेल तर नैसर्गिकच, त्याने काय बिघडतं. आणि कार्गो रेकॉर्ड बुक, म्हणजे मालाच्या आणि टाक्या धुण्याच्या नोंदींची वही, नुसता देखावा. उद्या ज्यांच्या हातात व्हॉल्व्ह असणार, त्या पोरांच्या डोक्यात हे भरवलं जातंय, म्हणून लिहितोय.

१२ मैलांची अट मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण एकटी नाही. जहाज वाटचालीत हवं, स्वतःच्या इंजिनावर किमान ७ नॉट (ताशी ७ सागरी मैल) वेगाने. पाणी किमान २५ मीटर खोल हवं. सोडायचं ते पाण्याच्या पातळीखालच्या आउटलेटमधून, आणि तेही टाकीचं धुवण, माल नव्हे. २००७ पासून बांधलेल्या जहाजांत स्ट्रिपिंगनंतर, म्हणजे तळाचा उरलासुरला माल उपसून काढल्यावर, टाकी आणि तिचे पाइप मिळून ७५ लिटरपेक्षा जास्त माल उरता कामा नये. ‘एक्स’ (सर्वांत घातक) वर्गातला माल असेल तर बंदर सोडण्याआधीच प्रीवॉश, म्हणजे टाकीची पहिली धुलाई, आणि ते धुवण बंदराच्या ताब्यात. यात ‘काहीही’ कुठे दिसलं?

खाद्यतेलाचा मुद्दा मात्र डोकं फिरवणारा आहे. पाम तेल ‘वाय’ (‘एक्स’खालोखाल घातक) वर्गात येतं. थंड पाण्यात ते गोठतं, त्याचे पिवळट-पांढरे गोळे तरंगत किनाऱ्याला लागतात. पक्ष्याच्या पिसांना तेल लागलं की पिसं पाणी अडवू शकत नाहीत, गार पाणी थेट कातडीला भिडतं. चोचीने पिसं साफ करताना तेच तेल पोटात जातं. तेल झाडाचं की जमिनीखालचं, याने त्या पक्ष्याला काही फरक पडत नाही. म्हणूनच २०२१ पासून वायव्य युरोपच्या पाण्यात आणि बाल्टिकमध्ये अशा गोठणाऱ्या, तरंगत राहणाऱ्या मालासाठी बंदरातच प्रीवॉश सक्तीचा झाला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. नियमांत बसणाऱ्या धुवणानेही नुकसान होऊ शकतं. २०१३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पॉलिआयसोब्युटिलीन या चिकट पदार्थाने माखलेले हजारो समुद्रपक्षी सापडले, आणि तोवर त्याचं धुवण अटींसह सोडता येत होतं. पण त्याच वर्षी आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) निर्णय घेतला आणि २०१४ पासून ते समुद्रात सोडणं बंद झालं. नियम अपुरा ठरला तेव्हा तो कडक केला गेला. मेसेजवाले त्यातून मोकळीक कशी काढतात?

रेकॉर्ड बुकात खोट्या नोंदी होतात, नाही असं नाही. पण उतरवलेला माल, धुण्याच्या नोंदी आणि बंदराची पावती ताडून पाहता येते, आणि नोंदीखाली सही अधिकाऱ्याची असते. ते बुक शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं जपावं लागतं. कोणती टाकी कशी धुवायची, हे जहाजावरच्या मंजूर पी अँड ए मॅन्युअलमध्ये (कार्यपद्धती आणि व्यवस्थेच्या पुस्तिकेत) लिहिलेलं असतं. जहाजावर चढलास की चीफ ऑफिसरकडून आधी ते मागून घे, असं भाच्याला बजावलंय.