त्या मुलाला सांगा, नाउमेद होऊ नकोस

गेल्या शनिवारी दक्षिण विस्कॉन्सिनमधल्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात माझ्या श्रमांची बाजारात किंमत ठरली, आणि ती शून्याच्या खाली निघाली. शून्य निघाली असती तर मी निमूटपणे सोसली असती. कविता करणे आणि सोसायटीचे सचिवपद भूषवणे या क्षेत्रांत तो दर रूढच आहे. परंतु तुम्ही हात लावल्यामुळे वस्तू आधी होती त्याहून स्वस्त झाली, हे एखाद्याने भर थंडीत, चारचौघांत, अतिशय सौजन्याने सांगावे, हे मनाला लागते.

प्रकरण रॅकूनच्या कातड्यांचे आहे. रॅकून म्हणजे डोळ्यांवर काळा पट्टा आणि मागे पट्ट्यापट्ट्यांची झुबकेदार शेपटी असलेला, मांजराहून थोराड असा इकडचा निशाचर प्राणी. आमच्या परसातल्या गोड मक्याची कणसे दुधावर आली, की आम्ही तोडणार त्याच्या आदल्या रात्री रॅकून येतात, आणि धड एक कणीसही संपवत नाहीत. चार दाणे चाखून पुढच्या ताटाकडे वळतात. शेजारच्या शेतकऱ्याने सापळे लावायला सुचवले. या राज्यात नवशिक्याला परवान्याआधी सापळ्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ते मी रीतसर घेतले. हंगाम उघडल्यावर जमिनीत रोवलेल्या लोखंडी नळीच्या तळाशी मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई, ठेवू लागलो. रॅकून हा हाताने चाचपून खाणारा प्राणी असल्यामुळे तो नळीत हात घालतो आणि आतला चाप ओढतो. कुत्र्याच्या पंजाला ते जमत नाही, आणि मांजराला मार्शमॅलोत रस नसतो. हे सगळे मला जमले. मारणे आणि सोलणे यांविषयी येथे लिहीत नाही, कारण तेही जमले, आणि जमलेल्या गोष्टींवर कुणी लेख लिहीत नाही.

अडले ते खरवडण्यापाशी. कातडे अंगावेगळे झाले की काम संपले, असे ज्याला वाटते त्याने रॅकूनची चरबी पाहिलेली नाही. उत्तरेकडचे रॅकून हिवाळ्यात पूर्ण निद्रा घेत नसले तरी कडाक्याच्या थंडीत ढोलीत पडून राहतात आणि साठवलेल्या चरबीवर जगतात. वसंतापर्यंत काहींचे वजन जवळजवळ निम्म्यावर येते. ही सगळी पुंजी नोव्हेंबर-डिसेंबरात कातडीच्या खाली थापलेली असते, आणि ती काढली नाही तर कातडे वाळत नाही, खवट होते आणि शेवटी केस सोडते. त्यासाठी कमरेइतका उंच, पुढे निमुळता होत गेलेला लाकडी बीम असतो. त्यावर कातडे केस आत आणि चरबी बाहेर अशा रीतीने चढवायचे, कड स्वतःच्या पोटाने दाबून धरायची, आणि दोन मुठींचा चाकू दोन्ही हातांत धरून ढकलत जायचे. चाकूची एक धार तीक्ष्ण आणि दुसरी बोथट असते. कानांच्या मागे आणि मानेवर स्नायूंचा इतका चिवट थर असतो, की तो तीक्ष्ण धारेनेच कापावा लागतो. तो एकदा सुटला की बोथट बाजूने उरलेली चरबी शेपटीच्या दिशेने लोटायची. मान जाड, पोट पातळ, मादी असेल तर स्तनाग्रांपाशी चाकू हमखास अडकणार, आणि काख कुठे सुरू झाली हे कळण्याआधी तिथे भोक पडलेले असते. यूट्यूबवरची माणसे हे सगळे हवामानाविषयी गप्पा मारत काही मिनिटांत उरकतात. मला एका प्राण्याला एक संध्याकाळ लागते, आणि हवामानाविषयी त्या वेळात माझ्या तोंडून जे निघते ते प्रसारित करण्याजोगे नसते.

चरबी चाकूच्या पुढे गोळा होत जाते ती थेट फडक्यातून काढलेल्या चक्क्यासारखी, तशीच पांढुरकी, तशीच दाट. परिणामी आमच्या घरात यंदा पाडव्याला श्रीखंड होणार नाही, असा ठराव सौभाग्यवतींनी आत्ताच मंजूर करून ठेवला आहे.

भोकांविषयी मला एक शास्त्रीय खुलासा करायचा आहे, कारण तो पेट्रोल पंपावर कुणी ऐकून घेतला नाही. रॅकून काटेरी झुडपांतून हिंडतो आणि त्याच्या केसांत काटेरी बोंडे अडकतात. कातडे बीमवर चढले की हे बोंड खालून वर दाबले जाते, तिथे टेंगूळ येते, आणि सपाट फिरणारा चाकू ते टेंगूळ वरच्या वर उडवतो. म्हणून आधी सगळी फर विंचरून घ्यावी लागते. मी विंचरली होती. परंतु जो प्राणी रात्रभर माझ्या मक्यात धिंगाणा घालतो, तो मेल्यानंतरही एखादे बोंड काखेत दडवून ठेवणार नाही, याची हमी कोण देणार? असो. भोके वाळण्यापूर्वी शिवावी लागतात. घरात साडीला फॉल लावायचा पोपटी दोरा होता. मी त्याने शिवली, आणि टाके सरळ आले.

वाळवण्याचीही तऱ्हा आहे. कातडे तारेच्या चौकटीवर आतली बाजू बाहेर ठेवून ताणायचे, पाठ एका बाजूला आणि पोट दुसऱ्या बाजूला येईल असे बसवायचे, शेपूट खालून चिरून उघडी करून टाचायची, आणि झिरपणारे तेल फडक्याने पुसत राहायचे. हीटरजवळ ठेवले तर ते तेल कातड्यात मुरून ते करपते. गॅरेजमध्ये ठेवले तर डिसेंबरात वाळण्याऐवजी गोठून बसते. उरले तळघर. रॅकूनच्या विष्ठेत एका गोलकृमीची अंडी असतात आणि ती माणसाला घातक ठरू शकतात, हे घरात वाचले गेल्यापासून तळघरात जाताना माझे हातमोजे आणि वर येताना माझी अब्रू, दोन्ही तपासली जातात.

इतके सगळे करून तयार झालेली कातडी घेऊन मी शनिवारी फरच्या व्यापाऱ्याकडे गेलो. हे व्यापारी हंगामात ट्रक घेऊन ठरलेल्या वाटेने फिरतात आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी अर्धा-पाऊण तास थांबतात. रांगेत माझ्यापुढे दोन दाढीवाले गृहस्थ होते. त्यांची कातडी इतकी स्वच्छ, की वर्तमानपत्र म्हणून वाचता आली असती. माझी पाळी आल्यावर व्यापाऱ्याने माझी कातडी उलटीपालटी केली, काही न बोलता ट्रकच्या दाराशी गेला आणि खिडकीतून आत देत म्हणाला, “वडील बघतील.”

वडील ऐंशीच्या पुढचे होते. गुडघ्यांवर घोंगडी, हीटर पूर्ण सोडलेला, हातात जॅम भरलेला डोनट. त्यांनी डोनट अत्यंत काळजीपूर्वक डॅशबोर्डवर ठेवला, बोटे विजारीला पुसली, कातडे मांडीवर घेतले, कडेने दिसणाऱ्या केसांवर फुंकर मारून फरची दाटी पाहिली, मग आत हात घालून तर्जनी एका न शिवलेल्या भोकातून बाहेर काढली आणि ती माझ्या दिशेने हलवली.

“पहिलंच वर्ष?”

“हो,” मी म्हणालो.

“वय किती?”

मला वाटले, प्राण्याचे विचारत आहेत. मी अभ्यासू स्वरात म्हणालो, “आकारावरून पाहता एक वर्षाचा असावा.”

त्यांना ऐकू कमी येते. त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलाने सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “एक वर्षाचा!”

म्हातारबुवांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. एवढ्या लहान लेकराच्या हाती दोन मुठींचा चाकू देणारा बाप त्यांच्या साठ वर्षांच्या धंद्यात त्यांना प्रथमच भेटत असावा. मग त्यांचे लक्ष पोपटी टाक्यांकडे गेले, आणि चेहऱ्यावर आदर उमटला. “आणि शिवतोसुद्धा?”

“अहो, मुलगा नाही. मी! हे माझं काम आहे!” मी खिडकीत तोंड घालून ओरडलो.

“बरोबर आहे,” ते मान डोलावत म्हणाले, “बापाचंच काम असतं ते. आजकाल कोण शिकवतं पोरांना?”

यानंतर पुढचा भाग सुरू झाला. १९५५च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला डेव्ही क्रॉकेट या जुन्या सीमावर्ती लोकनायकाची, रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी हवी होती आणि यांच्याही डोक्यावर ती होती, हे मला समजले. त्यांच्या वडिलांच्या पिढीत, १९२०च्या दशकात, कॉलेजातली मुले रॅकूनचे पायघोळ कोट घालून फुटबॉलचे सामने पाहायला जात, हेही समजले. १९७९ साली चांगल्या रॅकूनला पंचवीस-तीस डॉलर येत होते, हे तर मला तीन वेळा समजले, आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्या कातड्यातून बोट बाहेर काढून त्या सालाकडे निर्देश केला. माझ्यामागे रांग वाढत होती. मी ४७ वर्षांचा आहे, दोन पदव्युत्तर पदव्या बाळगून आहे आणि ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसे आहेत, हे सांगण्याची ती जागा नव्हती.

शेवटी निकाल लागला. तीन कातड्यांपैकी दोन घेतली, प्रत्येकी एक डॉलर, तिसरे परत. “पुढच्या वेळी न खरवडता आणा,” व्यापारी हळू आवाजात म्हणाला, “दोन डॉलर देतो. अख्खा प्राणीच आणलात, सोलायचाही त्रास घेतला नाहीत, तर तीन.” मी हे त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले. म्हणजे सोलण्याची किंमत उणे एक, आणि खरवडण्याची, ताणण्याची व साडीच्या दोऱ्याने शिवण्याची मिळून आणखी उणे एक. मी गाडीत बसणार तेवढ्यात म्हातारबुवांनी काच खाली केली आणि पेटीतला एक ताजा डोनट कागदात गुंडाळून माझ्या हाती ठेवला. “त्या मुलाला द्या. आणि सांगा, नाउमेद होऊ नकोस.”

डोनट मी पुढच्या सिग्नलच्या आतच खाल्ला. चांगला होता. रागाने खाल्ला, एवढेच सांगतो.

खरा राग म्हातारबुवांवर नाही. खरवडण्याचे काम जगात सगळीकडे फुकटच धरलेले आहे, त्याचा आहे. आमच्या कोल्हापूरकडच्या घरात प्रत्येकाच्या पायात कोल्हापुरी वहाण होती, आणि २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर अभिमानाचा पूर आला. पण ती कातडी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात घालण्याआधी कुणाच्या मनगटाने स्वच्छ केली, हे आमच्यात कुणी कधी विचारले नव्हते. ती कातडी कमावणाऱ्या ढोर समाजाची वस्ती गावाबाहेर का, हे तर विचारण्याची पद्धतच नव्हती. सापळ्यांचेही तसेच. फासेपारधी पिढ्यानपिढ्या तितर-लावे पकडत आले, तर इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्यात त्यांना अडकवले. तो कायदा १९५२ साली गेला, पोलिसांचा संशय गेला नाही. आणि मी, ज्याला यूट्यूब पाहूनही मानेचा स्नायू धड सोडवता येत नाही, तो पाकिटात सरकारी परवाना घेऊन फिरतो आणि वर डोनट मिळवतो.

परत आलेले कातडे तळघरात टांगले आहे, चौकटीवरून काढून आणि केस बाहेर करून. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होतो, आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

“अरे, ते मागे काय टांगलंय?”

“स्वेटर वाळत घातलाय, आई.”

“कसला रे लोकरीचा? छान दाट दिसतोय.”

मी विषय बदलला, तिने बदलला नाही. काल मावशीचा निरोप आला. मे महिन्यात त्यांचा मनालीचा बेत आहे आणि तिच्या नातवाला तसल्याच दाट लोकरीची टोपी हवी आहे. डोक्याचा घेर इंचांत पाठवला आहे, कुरिअरचे पैसे मी घालावेत असे सुचवले आहे, आणि आईने कॉलवरून काढलेल्या फोटोत खाली जे पट्ट्यापट्ट्यांचे लोंबत होते ते मात्र कापून टाकावे, मुलाला उगाच चिडवतील, असे बजावले आहे.