बचत खात्याच्या कार्डाची मर्यादा खातेदाराने ठरवावी

बचत खाते उघडले की पासबुक आणि चेकबुकाबरोबर डेबिट कार्डाचे पाकीटही हातात पडते, आणि ते कार्ड हवे आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. डेबिट कार्ड घेण्याची सक्ती बँकेने ग्राहकावर करू नये आणि दुसरी कोणतीही सुविधा देताना कार्डाची अट घालू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या निर्देशांत स्पष्ट लिहिलेले आहे. मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या कितीतरी लोकांची भविष्य निर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम ज्या बचत खात्यात पडून असते, त्याच खात्याला हे कार्ड जोडलेले असते. ही व्यवस्था मला धोक्याची वाटते आणि ती बदलणे खातेदाराच्या हातात आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कार्डात पैसे नसतात. गिरगावातल्या एखाद्या दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये आपण कार्ड घालून पिन दाबतो, तेव्हा ते यंत्र चिपवरची माहिती आणि सांकेतिक रूपातला पिन नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे पाठवते. आपल्या बँकेचा संगणक पिन, शिल्लक आणि त्या दिवसाची मर्यादा तपासून होकार देतो, खात्यातून रक्कम वजा करतो आणि त्यानंतर नोटा बाहेर येतात. दुकानातल्या यंत्रावरही जवळपास हेच घडते. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात आधी बँकेचा पैसा जातो आणि बिल भरण्याची तारीख येईपर्यंत चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्यास वेळ मिळतो. डेबिट कार्डाच्या व्यवहारात मात्र पहिल्याच क्षणी आपली स्वतःची बचत कमी होते आणि त्या रकमेवरचे व्याजही त्याच दिवसापासून थांबते, कारण १ एप्रिल २०१०पासून बचत खात्यावरील व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर मोजले जाते. तक्रार खरी ठरली तरी पैसे परत येईपर्यंत घरखर्चाची अडचण खातेदारालाच सोसावी लागते.

म्हणून कार्डाची मर्यादा हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. जानेवारी २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नियमांनुसार नवे कार्ड फक्त भारतातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांवर चालू स्थितीत दिले जाते, आणि ऑनलाइन, परदेशी व स्पर्शविरहित (कार्ड यंत्राजवळ नुसते धरून होणारे) व्यवहार खातेदाराने स्वतः सुरू करायचे असतात. प्रत्येक प्रकार बंद करण्याची आणि बँकेने ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या आत स्वतःची कमी मर्यादा ठरवण्याची सोयही बँकेने द्यायची असते. महिन्यातून दोनदा पाच-सात हजार रुपये काढणाऱ्या आजोबांच्या कार्डावर दिवसाला लाखभर रुपयांच्या खरेदीची मुभा कशासाठी हवी? मोबाइल अ‍ॅप वापरता येत नसेल, तर ही मर्यादा कमी करून देण्याची लेखी विनंती शाखेत करावी.

त्याहूनही चांगला उपाय म्हणजे दोन खाती ठेवणे. निवृत्तिवेतन आणि साठवलेली रक्कम ज्या खात्यात आहे, त्यावर कार्ड घेऊच नये. दुसऱ्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे वळवावेत आणि कार्ड फक्त त्याला जोडावे. दुसरे खाते मूलभूत बचत खाते असेल, तर त्याला किमान शिल्लक लागत नाही, परंतु त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, त्यामुळे ते वेगळ्या बँकेत उघडावे लागते.

आपल्याकडे घरोघरी दिसणारी एक सवय मला फार काळजीची वाटते. गुडघे दुखतात म्हणून आई-वडील कार्ड आणि पिन मुलाकडे, नातवाकडे, कधी शेजाऱ्याकडे देतात. यामागचा विश्वास मी समजू शकते, पण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार पिन दुसऱ्याला सांगणे हा खातेदाराचा निष्काळजीपणा ठरतो आणि तक्रार नोंदवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याच्यावर येते. खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने संयुक्त केले, तर मुलीला किंवा मुलाला स्वतःच्या नावाचे वेगळे कार्ड आणि वेगळा पिन मिळू शकतो. बँकेत एकदा जाऊन सह्या करण्याचे हे काम आहे, आणि ते पुढे ढकलू नये असे मी ओळखीच्या प्रत्येक कुटुंबाला सांगते.

त्याच परिपत्रकात खातेदाराच्या बाजूचेही बरेच काही आहे. खातेदाराच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि चूक बँकेची असेल, तर नुकसानीतले खातेदारावर काहीच येत नाही. चूक दोघांचीही नसून यंत्रणेत इतरत्र घडली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही नुकसान शून्य धरले जाते. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास सामान्य बचत खात्यासाठी ते जास्तीत जास्त १०,००० रुपये असते, आणि त्यानंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत वादातील रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि दोष खातेदाराचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. हे सगळे ज्या एका संदेशावर अवलंबून आहे, तो जुन्या, बंद पडलेल्या मोबाइल क्रमांकावर जात असेल, तर तीन दिवस कधी संपले हेही कळणार नाही. फसवणूक झाल्यास कार्ड बंद करून घेतल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावरही लगेच कळवावे.

एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, अशा वेळी बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत करायची असते, आणि उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाचे १०० रुपये खातेदाराने न मागताही द्यायचे असतात. शुल्काबाबत इतकेच, की मुंबई महानगर असल्यामुळे सामान्य बचत खात्याला दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीनच व्यवहार विनामूल्य मिळण्याची हमी आहे, त्यांत शिल्लक पाहणेही मोजले जाते, आणि मे २०२५पासून पुढच्या प्रत्येक व्यवहाराला कर वेगळा धरून २३ रुपयांपर्यंत आकार लागू शकतो.

बँकांकडे माझी मागणी साधी आहे. खाते उघडण्याच्या अर्जात ‘कार्ड हवे / नको’ आणि ‘रोजची मर्यादा’ असे दोन रकाने मराठीत, ठळक अक्षरांत असावेत, आणि ते भरून घेतल्याशिवाय कोणत्याही खातेदाराच्या हातात कार्डाचे पाकीट देऊ नये.