मानांकन घराचे, बिल माणसांचे

घराचे ऊर्जा-मानांकन (घराला किती ऊर्जा लागते यावरून मिळणारी श्रेणी) सुधारायचे तर सर्वप्रथम खिडक्या बदलाव्यात, हा या विषयावरील एका लेखातील सल्ला मला पुरेसा पटला नाही. हे मानांकन बहुधा दर चौरस मीटरमागे वर्षाला किती ऊर्जा लागेल या अंदाजावर ठरते आणि तो बांधताना राहणाऱ्यांच्या सवयी नव्हे, तर ठरावीक प्रमाणित वापर गृहीत धरलेला असतो. म्हणूनच काटकसरी कुटुंबाचे बिल कमी असूनही घराची श्रेणी खालची असू शकते. एकेरी काचेतून एक अंश तापमानफरकाला दर चौरस मीटरमागे साधारण ५ ते ६ वॅट उष्णता वाहते आणि दुहेरी काचेतून सुमारे निम्मी, हे खरेच. परंतु छताचे क्षेत्रफळ खिडक्यांहून बरेचदा कितीतरी मोठे असते. त्यामुळे आधी फटी बुजवाव्यात (वायुवीजनाची सोय राखून, अन्यथा ओल धरते), मग छताला उष्णतारोधक थर द्यावा आणि खर्चिक खिडक्यांचा विचार त्यानंतर करावा. भिंतींत असा थर आधीच असल्यास त्याची कागदपत्रे मानांकन ठरवणाऱ्या तपासनिसाला अवश्य दाखवावीत, कारण पुरावा नसेल तर तो बांधकामाच्या काळावरून अंदाज बांधतो आणि केलेल्या कामाचे श्रेय मिळत नाही.