‘कीबोर्डने साइट वापरतंच कोण?’ या मेसेजला उत्तर

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कीबोर्डने साइट चालवणारे मूठभर आणि तेही सगळे अंध, आता सगळं मोबाइलवर आलंय, फोकसची चौकट (टॅबची कळ दाबत जाताना आपण पानावर कुठे आहोत ते दाखवणारी) डिझाइनची वाट लावते, फारच वाटलं तर एक तयार विजेट (साइट अपंगांसाठी आपोआप सोपी करून देतो म्हणणारं बाहेरचं साधन) टाका, आणि कायदा काय तो सरकारी साइटना. ‘अगदी खरं’ म्हणत लोक तो पुढे पाठवताहेत, म्हणून हे लिहितोय.

सगळे अंध, हे मुळातच चुकीचं. पार्किन्सनमुळे ज्यांचा हात थरथरतो, मनगटाच्या दुखण्याने ज्यांना माउस धरवत नाही, मानेला इजा झाल्यावर जे तोंडात काठी धरून टाइप करतात, ते सगळे कीबोर्डवरच अवलंबून असतात. एकाच स्विचवर संगणक चालवणारेही आहेत, आणि त्यांची बरीच उपकरणं आतून कळ दाबल्याचाच संदेश पाठवतात. मूठभर म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख आणि हालचालीचं सुमारे ५४ लाख लोक नोंदले गेले. त्यातला प्रत्येक जण कीबोर्डवाला नाही, हे मान्य. पण याला मूठभर म्हणवत नाही.

मोबाइलचा मुद्दा ऐकायला पटतो. पण टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, वापरणारा माणूस स्क्रीनवर बोट सरकवत एकेका घटकावर जातो, आणि तिथे काय आहे ते त्याला कोडमधूनच कळतं. ‘डिव्ह’ला, म्हणजे कोडमधल्या नुसत्या रिकाम्या डब्याला, क्लिक जोडून बटणासारखं रंगवलं, तर ‘बटण’ हा शब्द त्याच्या कानावर पडतच नाही. त्याच ‘डिव्ह’वर संगणकावरचा टॅबही थांबत नाही. खरा ‘बटन’ टॅग वापरला तर टॅबने तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात आणि स्क्रीन रीडर त्याचं नाव सांगतो. सगळं फुकट, एक ओळही जास्त न लिहिता.

सगळ्यात जास्त अडतं ते फॉर्ममधल्या जन्मतारखेपाशी. रकाना ‘रीड-ओन्ली’, म्हणजे टाइप करता येत नाही. कॅलेंडर उघडतं फक्त माउसने, आणि १९७२ सालापर्यंत जायला महिनामहिना मागे क्लिक करत जायचं. नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं भरून झालेला माणूस इथे येऊन अडतो आणि शेवटी कुणाला तरी हाक मारतो: ‘जरा एवढं भरून देतोस का?’ मग आधार नंबरही त्या दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने दिले असते, तर यातलं काहीच झालं नसतं. मला राग येतो तो याचाच. काम सोपं होतं.

चौकटीचं उत्तर छोटं आहे. कोडमध्ये ‘आउटलाइन: नन’ लिहून ती पुसली, की कीबोर्डवाल्याला आपण पानावर कुठे आहोत हेच दिसेनासं होतं. रंग आवडत नसेल तर बदला. कोडमधली ‘फोकस-व्हिजिबल’ ही सोय वापरली तर माउसने बटण दाबणाऱ्याला ती सहसा दिसतही नाही.

आता विजेट. अशी विजेट विकणाऱ्या अॅक्सेसीबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर केली. आमचं साधन कुठलीही साइट डब्ल्यूसीएजीच्या (साइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय) निकषांत बसवतं, हा दावा दिशाभूल करणारा असल्याचा आरोप होता, आणि १० लाख डॉलर भरण्याची तडजोड झाली. कोपऱ्यातलं चिन्ह दाबून अक्षरं मोठी होतील, पण टॅब दाबत पॉप-अपमध्ये अडकलेला फोकस बाहेर काढायचा तर तुमचा स्वतःचा कोडच दुरुस्त करायला हवा.

राहिला कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी, दोन्ही संस्थांना लागू होतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. याचिका करणाऱ्यांत अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्ती होत्या; कॅमेऱ्यासमोर पापणी लववायच्या अटीपाशी अशा लोकांचं काम अडत होतं. तेव्हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर निदान ‘खासगी साइटला कायदा नाही’ ही ओळ तरी काढून पाठवा. ती वाचून एखादा दुकानदार आपल्या डेव्हलपरला ‘हे काम नको’ म्हणून सांगेल.