पोलंडची वाढ आली कुठून?

समाजवाद सोडून बाजारपेठेकडे वळलेल्या देशांची वाढ कशामुळे झाली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मोठ्या सरकारी कंपन्यांचं खासगीकरण आणि परदेशी भांडवल. निदान पोलंडच्या पहिल्या काही वर्षांपुरतं तरी हे उत्तर चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१ जानेवारी १९९० ला बाल्सेरोविच योजना, म्हणजे अर्थमंत्री बाल्सेरोविच यांचा बाजारपेठेकडे वळण्याचा आराखडा, लागू झाली. बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या, अनुदानं छाटली, डॉलरचा भाव ९,५०० झ्लॉटी (पोलंडचं चलन) असा बांधून टाकला. सरकारी कंपनीने मर्यादेबाहेर पगारवाढ दिली तर तिच्यावर जबर कर. त्या वर्षी महागाई ५८६ टक्क्यांच्या आसपास होती आणि दोन वर्षांत जीडीपी १५ टक्क्यांहून जास्त घसरला. पण १९९२ पासून अर्थव्यवस्था वाढायला लागली आणि १९९६ मध्ये तिने १९८९ ची पातळी ओलांडली, पूर्व युरोपातल्या जुन्या समाजवादी देशांत सगळ्यात आधी. आता तारखा जुळवून बघा. ५१२ कंपन्यांचं सामूहिक खासगीकरण, म्हणजे सरकारी कंपन्यांची मालकी नागरिकांत वाटणं, १९९५ मध्ये सुरू झालं. वाढ त्याच्या तीन वर्षं आधीची!

मग ती आली कुठून? जुनी माणसं, जुन्या जागा, जुने ट्रक नव्या हातांत गेले तिथून. विल्चेक कायद्याने १९८९ च्या सुरुवातीपासूनच कुणालाही धंदा नोंदवायची मोकळीक दिली होती. वॉर्साच्या रस्त्यांवर लोक घडीच्या खाटा मांडून माल विकायला बसले. दुकानं झटपट खासगी झाली. तिकडे सरकारी कारखान्यांचं तोट्यावर मिळणारं कर्ज आटलं, म्हणून त्यांना माणसं सोडावी लागली. याची किंमत मोठी होती, हे कुणी विसरू नये: १९९३ च्या अखेरीस बेकारी १६ टक्क्यांवर होती.

वाढ कशामुळे झाली याचा हिशेब मांडताना इथेच गफलत होते. रीत सोपी आहे: जीडीपीच्या वाढीतून भांडवलाचा आणि श्रमाचा वाटा वजा करायचा, उरेल ती उत्पादकता. समजा वाढ ५ टक्के, श्रम स्थिर, उत्पन्नात भांडवलाचा हिस्सा एक तृतीयांश. हिशेबाच्या वह्यांमध्ये भांडवल ३०० आणि निव्वळ गुंतवणूक १२, म्हणजे भांडवल ४ टक्क्यांनी वाढलं. त्याचा वाटा ४ चा एक तृतीयांश, म्हणजे १.३ टक्के, आणि उत्पादकतेचा ३.७. पण त्या ३०० पैकी १०० ची यंत्रं अशी, की त्यांच्या मालाला गिऱ्हाईकच नाही. ती वगळली की भांडवल ६ टक्क्यांनी वाढलेलं दिसतं आणि उत्पादकतेला उरतात फक्त ३. पायाच्या वर्षातली भंगार यंत्रं न वगळता काढलेला उत्पादकतेचा आकडा म्हणूनच फुगलेला असतो.

रशियात वेगळाच घोळ. ऑगस्ट १९९८ मध्ये रूबल कोसळला, आयात महागली आणि बंद पडलेली यंत्रं पुन्हा फिरली. यंत्रं तीच, उत्पादन जास्त, त्यामुळे हिशेबात हीसुद्धा उत्पादकताच दिसते. प्रत्यक्षात ती पडीक क्षमता होती, आणि ती एकदाच वापरता येते. पुढे तेलाचे भाव चढले, तो आणखी वेगळा भाग.

पोलंडमध्ये १ मे २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर परदेशी कारखाने आणि युनियनचा निधी यांचं वजन खरोखर वाढलं. ते श्रेय त्या काळाला जरूर द्या, पण १९९२ च्या खात्यावर मांडू नका.