आधी ओल, मग पिशवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हवाबंद पिशव्यांत धान्य साठवण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : पूर्वीचे लोक पेवात, कणगीत वर्षानुवर्षं धान्य ठेवत, त्यांचं या पिशव्यांवाचून काही अडलं नाही. नासाडीचे मोठमोठे आकडे विकणाऱ्यांच्या सोयीचे असतात. वाळवलं की वजन घटतं आणि तो तोटा शेतकऱ्याच्याच पदरी पडतो. आणि तुम्ही स्वतः अशा पिशवीत मका भरून पाहिलात, तर तोंडाशी दाण्यांचे गठ्ठे झाले, आत आंबूस वास सुटला, शेवटी तो मका गुरांपुढे टाकावा लागला.

शेवटच्या मुद्द्याला आधी हात घालतो, कारण त्याला उशीर परवडणारा नाही. त्यातला मका उरला असेल तर गुरांना घालणं आजच थांबवा. ओल्या मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते शिजवून जात नाही, धुऊन जात नाही, आणि दुभत्या जनावराच्या पोटात गेलं तर त्याचा अंश दुधात उतरतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने, आणि तिथूनच या विषाचा शोध लागला. २००४ मध्ये केनियात ओलसर साठवलेला मका खाऊन ३१७ माणसं आजारी पडली, त्यांतली १२५ दगावली. तुमच्या मक्यात ते विष आहेच असं मी म्हणत नाही; नुसत्या डोळ्यांनी ते कुणालाच कळत नाही. म्हणूनच गठ्ठे झालेला माल ना गुरांना, ना कोंबड्यांना.

आता तो मका का बिघडला ते पाहू. तुम्ही दिलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की त्यातच उत्तर सापडतं. आंबूस वास म्हणजे आतला प्राणवायू संपला होता आणि दाण्यात आंबण्यापुरतं पाणी होतं. म्हणजे पिशवीने तिचं काम केलं. तोंडाशी गठ्ठे झाले, कारण बांधलेल्या गाठीतून थोडी हवा आत शिरत राहिली, आणि जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथे बुरशी धरते. हवाबंद भांडं कीड मारतं, पण पाणी बाहेर काढत नाही. उलट साध्या पोत्यातून थोडीफार वाफ निघून तरी जाते. इथे ती कोंडून राहते. त्यामुळे ओलं धान्य भरायचं असेल तर हवाबंद पिशवीपेक्षा साधं पोतं बरं, हे मला मान्य आहे. पण मुळात ओलं धान्य भरायचंच कशाला?

पेवाच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ते माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. पेव हे हवाबंदच असतं. तोंड लिंपलं की धान्याचा आणि किड्यांचा श्वासोच्छ्वास आतला प्राणवायू संपवतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड थांबते. इंग्लंडमधल्या बट्सर इथे पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांनी लोहयुगातल्या पद्धतीची पेवं खणून, धान्य भरून हे तपासलं होतं. कडेचं थोडं धान्य मोडावतं, बिघडतं, पण आतलं टिकतं. पिशवीमागचं तत्त्व याहून वेगळं नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीतल्या भुंग्यापासून बचावासाठी तीन थरांची हवाबंद पिशवी तयार झाली, आणि कीटकशास्त्रज्ञ लॅरी मरडॉक आणि सहकाऱ्यांना पुढे असं दिसलं की प्राणवायू घटला की भुंग्याला अन्नातून स्वतःपुरतं पाणी तयार करता येत नाही आणि तो वाळून मरतो. कोरड्या धान्यात पाणी मिळवण्याचा त्याच्याकडे दुसरा मार्गच नसतो.

बदललं आहे ते पेवाच्या आधीचं सगळं. पूर्वी कणसं ताटावरच वाळत, मग खळ्यात पडून राहत, मळणीला वेळ लागे. त्या सगळ्या रेंगाळण्यात धान्य आपसूक सुकत असे. आता दुसरं पीक घ्यायची घाई असते, यंत्र शेतात येतं आणि दाणा अठरा-वीस टक्के ओलाव्यावरच पोत्यात जातो. साठवण जुनी ठेवली आणि वाळवणी मात्र गाळली, तर दोष पेवाला लागतो आणि पिशवीलाही.

आकड्यांविषयी तुमचा संशय रास्त आहे. जगातलं एक तृतीयांश अन्न वाया जातं, हा २०११ सालचा एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा) अंदाज सगळ्या अन्नाचा आहे. भाज्या, फळं, ताटातलं उरलंसुरलं सगळं त्यात आलं. मलावी, टांझानिया आणि युगांडातल्या शेतकऱ्यांना विचारून काढलेली मक्याची नासाडी दीड ते सहा टक्क्यांच्या आसपासच निघाली होती. पण सरासरी ही कुणाच्याच घरात नसते. एकाचं काहीच जात नाही आणि दुसऱ्याची अख्खी कोठी जाते. शिवाय कीड लागेल म्हणून भाव पडलेला असतानाच घाईने विकलेलं धान्य नासाडीच्या हिशेबात धरलंच जात नाही. छोट्या शेतकऱ्याचं खरं नुकसान मला तिथे दिसतं.

वजनाचा मुद्दा तुमचा सगळ्यात भक्कम आहे. वीस टक्के ओलाव्याचं शंभर किलो धान्य तेरा टक्क्यांवर आणलं की ९२ किलो उरतं. गेलेले आठ किलो म्हणजे निव्वळ पाणी, पण खरेदीदार ओलावा न मोजता नुसतं वजन करत असेल तर त्या पाण्याचेही पैसे मिळतात आणि वाळवणारा मार खातो. म्हणून लगेच विकायचं ते खरेदीदाराच्या मर्यादेपर्यंतच वाळवा, त्यापुढे ऊन वाया घालवू नका. जे घरी ठेवायचं आहे, खायला किंवा बियाण्याला, ते मात्र तेरा टक्के ओलाव्यापर्यंत आणा, बियाणं त्याहूनही खाली. सगळ्या मालाला एकच नियम लावला की वाळवणी परवडत नाही असं वाटू लागतं.

तेरा टक्के ओळखायचे कसे? दाताखाली कडकन फुटला म्हणजे वाळला, ही परीक्षा अनुभवी माणसाला बऱ्याच अंशी साधते, पण चौदा आणि सोळा यांतला फरक दाताला सांगता येत नाही. त्यापेक्षा मिठाची परीक्षा करा. काचेची कोरडी बरणी घ्या, तिच्यात उन्हात खडखडीत वाळवलेलं मीठ आणि मूठभर धान्य घाला, झाकण लावून काही मिनिटं हलवा आणि थोडा वेळ तशीच ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा पंधराच्या वर आहे, पोतं भरू नका. मीठ सुटं राहिलं तर पंधराच्या खाली. आणखी नेमकं हवं असेल तर बरणीत धान्याबरोबर छोटा आर्द्रतामापक ठेवून झाकण घट्ट लावा. काही तासांनी काटा (म्हणजे बरणीतल्या हवेची आर्द्रता, दाण्यातला ओलावा नव्हे) ६५ टक्क्यांच्या खाली स्थिरावला तर बुरशीला वाव नाही. गावात मिळून असा एक मापक पुरतो. पिशवीच्या आधी मी या मापकावर पैसे घालीन.

वाळवताना जमिनीवर ताडपत्री, थर तीन-चार सेंटिमीटर, अर्ध्या-पाऊण तासाने उलथापालथ, संध्याकाळी गोळा करून झाकणं. रात्रीची हवा दिवसभराची मेहनत परत घेते. आणि उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच भरू नका, निवल्यावर भरा. नाहीतर आतली वाफ थंड बाजूला जाऊन तिथे पाणी धरतं.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न : काढणीला लागून चार दिवस पाऊस लागला तर? तेव्हा ढीग घालू नये आणि पोती तर मुळीच भरू नयेत. मका कणसातच ठेवून छपराखाली पसरा, मळलेलं असेल तर पातळ थरात पंखा लावा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पावसाळी हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल तर नुसत्या पंख्याने धान्य थंड राहील, पण तेरावर येणार नाही. तीच २८ अंशांची हवा सहा अंशांनी तापवली की तिची आर्द्रता साठ टक्क्यांपर्यंत उतरते आणि वाळवणी सुरू होते. एवढ्या थोड्या उष्णतेवर व्हिएतनाममध्ये १९९०च्या दशकात बांबूच्या तट्ट्यांचं स्वस्त वाळवणयंत्र तयार झालं : एकात एक दोन दंडगोल, मधल्या पोकळीत धान्य, आतल्या नळकांड्यातून पंख्याची कोमट हवा. चार-पाच घरांनी मिळून करण्याजोगं आहे. धूर मात्र धान्यातून जाऊ देऊ नका, आणि बियाण्याच्या ढिगात हवा ४३ अंशांच्या वर नको, उगवण मरते. ऊन असो वा पंखा, पहिली पाळी बियाण्याची ठेवा, मग घरच्या खाण्याची. विकायचं शेवटी.