चार नंबरवर अडकलेला नायक

माझ्या कादंबरीचा नायक गेली दोन वर्षे दादर स्थानकाच्या चार नंबरच्या फलाटावर उभा आहे. शेवटच्या प्रकरणात नायिका तिथे येऊन त्याचा निरोप घेणार आणि कायमची कल्याणला जाणार, एवढेच लिहायचे उरले होते. (तिचे कल्याण मी असे शब्दशः करणार होतो.) पण माझे लेखन रेंगाळले आणि ९ डिसेंबर २०२३ रोजी रेल्वेने दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले, मध्य रेल्वेचे आठपासून चौदापर्यंत गेले आणि माझा चार नंबर एका रात्रीत दहा झाला.

दोष रेल्वेचा नाही, माझ्या वाचनाचा आहे. विक्रोळीच्या आमच्या घरात पहाटे पाच ते सात एवढा वेळ जेवणाचे टेबल माझ्या मालकीचे असते. सातनंतर त्यावर मेथीची जुडी येते. पाचला मी हस्तलिखित उघडतो, आणि हात जरा मोकळा व्हावा म्हणून दुसऱ्या कोणाच्या कादंबरीची चार पाने वाचायला घेतो. चाराची चाळीस कधी होतात ते दूधवाल्याची बेल वाजल्यावर कळते. वाचनाचा आनंद म्हणतात तो हाच असावा, कारण त्यात चोरी केल्यासारखे वाटते.

या चोरीची किंमत मात्र माझी पात्रे मोजतात. २०२३च्या सप्टेंबरमध्ये मी एका जाडजूड कादंबरीत तीन आठवडे बुडालो होतो आणि डोके वर काढले तेव्हा बेस्टच्या जुन्या लाल डबलडेकर रस्त्यावरून गेलेल्या होत्या. माझे दुसरे प्रकरण, म्हणजे नायक-नायिकेची पहिली भेट, अंधेरीच्या तशाच एका बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर घडते. नव्या वातानुकूलित डबलडेकर आल्या आहेत हे खरे, पण त्यांच्या बंद काचांमागे नायिकेची ओढणी उडायची कशी आणि नायकाच्या तोंडावर यायची कशी? पुढच्या महिन्यात दिवाळी अंकांची चळत घरी आली आणि मी पुन्हा बुडालो. तेवढ्यात पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरमधली, आणि टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. बाराव्या प्रकरणात नायक लग्नाचे विचारतो त्याच क्षणी टॅक्सीच्या दाराची कडी त्याच्या हातात येते, नायिका खळखळून हसते आणि हो म्हणून जाते. आजच्या टॅक्सीत कडी हातात येत नाही. ती हसणार नाही, आणि न हसता ती त्याला होकार देईल असे त्या माणसात मलाही काही दिसत नाही.

‘‘अहो, पहिल्या पानावर ‘२०१९’ असं छापून टाकू,’’ प्रकाशकांनी तोडगा काढला. तोडगा उत्तम होता. पण मध्यंतरी कादंबरी शिळी वाटू नये म्हणून मीच पाचव्या प्रकरणात मोठ्या हौसेने सागरी किनारा मार्ग घातला होता, आणि तो सुरू झाला मार्च २०२४मध्ये.

एवढे सोसूनही वाचन निर्मळ राहिले असते तर तक्रार नव्हती. पण हस्तलिखित तपासून तपासून आता शर्टाच्या खिशातली पेन्सिल कोणतेही पुस्तक उघडले की आपोआप बाहेर येते. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा देह टेकवून मी वाचत असतो; पुस्तकात कोणीतरी मरणपंथाला लागलेले असते, आणि माझे लक्ष मात्र ‘स्थिती’तली पहिली वेलांटी दीर्घ छापली आहे याकडे. ग्रंथालयाच्या एका पुस्तकात मी अशा एकवीस वेलांट्या सुधारल्या. काउंटरवरच्या बाईंनी पाने चाळली, चष्मा काढला आणि पुस्तक खराब केल्याबद्दल पन्नास रुपये भरायला सांगितले. ‘‘खराब नाही, दुरुस्त केलंय,’’ असे मी म्हणालो. पावतीवर त्यांनी ‘खराब’ लिहिले. ते मात्र शुद्ध होते.

परवा प्रकाशकांचा पुन्हा फोन आला. सोळा पानांचा एक फर्मा, तर माझी पाने तीनशे बारा, म्हणजे साडेएकोणीस फर्मे. ‘‘एक तर आठ पानं कापा, नाहीतर आठ वाढवा. अर्धा फर्मा परवडत नाही,’’ ते म्हणाले. कापायचे म्हटले तर सगळीच पाने पोटची, आणि वाढवायचे म्हटले तर निरोपाला आठ पाने कशी पुरवायची? दादरला गाडी थांबते ती मिनिटभरसुद्धा नाही.

त्या रात्री मला फलाटाने तारले. नायिका जुन्या सवयीने ‘चार नंबरवर ये’ असे सांगते आणि स्वतः मध्य रेल्वेच्या जुन्या चारवर, म्हणजे आताच्या दहावर जाते; नायक सरळमार्गी, तो पाटी वाचून पश्चिम रेल्वेच्या चारवर उभा राहतो. मधल्या पुलावरची ती तुडुंब गर्दी, दोघांची धावपळ, चुकामूक, हे सारे दोन पहाटेंत बरोबर आठ पानांत बसले. त्या दोन्ही दिवशी मी एक ओळही वाचली नाही.

तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये शेजारच्या गृहस्थांना राहवले नाही. ते रोज माझ्या पुस्तकात डोकावत असतात आणि कुर्ला आले की ‘‘काल त्या मुलीचं पुढे काय झालं?’’ असे विचारतात. त्यांना प्रथमच मी स्वतःच्या नायिकेची गोष्ट सांगितली: वरळीचे तिचे ऑफिस, तिथून बसने दादर, वाहतुकीत गेलेला पाऊण तास, मग ती चुकामूक. त्यांनी मन लावून ऐकले. माटुंगा गेल्यावर म्हणाले, ‘‘छान आहे. पण ती बसने का येते हो? वरळीहून दादरला आता भुयारी मेट्रो आहे की.’’

गाडी दादरला शिरत होती. मी खिशातून पेन्सिल काढली.